आग्रह करायचा नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून खरं जगायचं.

काल मालकांनी सगळ्या शोरूमला एका हॉटेलात भाषण ऐकायला पाठवलं. विक्री कशी वाढवावी असला काही विषय असेल म्हणून मी मागच्या रांगेत बसलो होतो. पण वक्ते वेगळेच निघाले. म्हणाले, काय करायचं याचा विचार माणूस जन्मभर करतो. काय करायचं नाही हे एकदा ठरवा. जे जे खोटं ते गाळत चला, शेवटी उरेल ते तुम्ही. हे बोलताना ते थेट माझ्याकडे बघत होते. शोरूममधला माझा सहकारी लांब्या म्हणतो, तुझ्या डोक्यावर घड्याळ होतं, ते बघत होते. लांब्या भाषणभर तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याला काय कळणार.

तर ठरलं. पहिली न करायची गोष्ट: खोटी स्तुती. गेली अनेक वर्षं गाद्या विकतोय. रोज शंभरदा तरी 'वा, उत्तम निवड' म्हणत असेन. आता बास.

ही रोजनिशी कुणाला दाखवायची नाही. बायकोलाही नाही. तसं दाखवायचं म्हटलं तरी ती इथे कुठाय. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती. जानेवारीत तिला बढती देऊन बसने चार-पाच तास लांबच्या गावी नवी प्रयोगशाळा उभी करायला पाठवलं. सहा महिन्यांसाठी. शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी जाते. इथे घरात मी आणि आई.

रात्री आठ वाजता तिला नेहमीचा फोन केला. निश्चयाबद्दल सांगितलं नाही. शनिवारी समोरासमोर सांगेन. चेहरा बघण्यासारखा होईल.

५ मार्च, बुधवार

पहिली कसोटी. एक गृहस्थ जाड फोमच्या गादीवर पालथे पडून म्हणाले, स्वर्ग आहे हो. मी म्हटलं, स्वर्ग आहे, पण दोन वर्षांत मध्ये खड्डा पडेल, तुमचं वजन बघता त्याआधीही. ते उठले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, असा प्रामाणिक माणूस बघितला नाही. आणि समोरच्या दुकानात जाऊन गादी घेतली. तीच गादी.

मालक म्हणाले, तुला बरं नाही का?

विक्री गेली, पण माणूस जिंकला. नैतिक विजय.

संध्याकाळी आईने सूप केलं होतं. कसं झालंय, विचारलं. अळणी आहे आणि थोडं करपलंय, म्हटलं. आईने माझ्यापुढचा वाडगा उचलला, स्वतःपुढे ओढला आणि शांतपणे पिऊन टाकला. मी पाव खाल्ला. पाव शिळा होता. पण तो कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. खरं बोलायचं म्हणजे उगाच बोलत सुटायचं असं नव्हे. हा बारकावा महत्त्वाचा.

८ मार्च, शनिवार

बायको आली. दारातच सगळं सांगितलं. ती हसली. पिशवी खाली ठेवून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांनी इतकी हसली. आईही हसली. मला वाटतं आनंदाने.

मग म्हणाली, बरं, मग खरं सांग, केस कापलेत, कशी दिसते? मी नीट बघितलं. घाई केली नाही. म्हटलं, कान मोठे दिसतात.

ती 'हं' म्हणाली. आरशासमोर गेली. परत आली. मग आईच्या खोलीत जाऊन बसली.

प्रवासाने दमली होती, लवकर झोपली.

९ मार्च, रविवार

खरेपणाने घरात शांतता येते हे दिसून आलं. दिवसभर घर एकदम शांत. बायको वाचत होती, आई विणत होती. कुणी मला काही विचारलं नाही. लोक नीट विचार करूनच प्रश्न विचारायला लागलेत. संध्याकाळी तिला बस-थांब्यावर सोडून आलो. तिने डोक्याला रुमाल बांधला होता. वारा होता थोडा.

१० मार्च, सोमवार. रात्री साडेआठ

आत्ताच फोन झाला. ठेवल्यावर सहज मनाशी उजळणी केली, आपण काय बोललो.

जेवलीस का? हो, तू? हो. आई? बरी आहे. थंडी? आहे थोडी. काम? चाललंय. ठेवू? ठेव.

काल ती बसमध्ये होती तेव्हाही हेच. परवा ती इथेच होती, पण त्याच्या आदल्या दिवशी हेच. लग्न झाल्यापासून आम्ही कुठेही असलो तरी हेच. यात एक तरी वाक्य खरं आहे का? म्हणजे खोटं नाही, पण खरं तरी आहे का? मला तिच्या जेवणाची माहिती हवी असते का? ती जेवणारच. शहाणी बाई आहे. मग विचारायचं कशाला? सवयीने. आणि सवय म्हणजे झोपेत चालणं.

ठरलं. सवयीचा फोन करायचा नाही. सांगण्यासारखं काही खरं असेल तेव्हाच करायचा.

हे तिला कळवायला लगेच पुन्हा फोन केला. ती आधी दचकली, म्हणाली, आईंना काही झालं का? मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, अरे, दिवसभरात सांगण्यासारखी एकही खरी गोष्ट नसेल का तुझ्याकडे? मी म्हटलं, बघतो. असली तर करीन.

विवाहित माणसांना हे जमत नाही. आम्हाला जमेल.

१४ मार्च, शुक्रवार

चार दिवस फोन नाही. केवढी मोकळीक! संध्याकाळ एकदम मोठी वाटते.

आठ वाजले की हात मात्र आपोआप खिशाकडे जातो. शरीराला उशिरा कळतं. म्हणून आठच्या सुमाराला इमारतीभोवती फेऱ्या मारतो. वॉचमनने विचारलं, साहेब, काही हरवलंय का? मी म्हटलं, उलट, सापडतंय. तो बिचारा बॅटरी घेऊन माझ्यामागे फिरत राहिला.

आईशी खटका उडाला. फोन का करत नाहीस, म्हणाली. मी तत्त्व समजावलं. म्हटलं, ती जेवली की नाही हे कळलं नाही तर माझं काय अडतं? आई म्हणाली, तुझं नाही अडत रे, तिचं अडतं.

याला काही अर्थ आहे का? ती तर जेवलेलीच असते.

मी मुळात शांत माणूस. आवाज चढला असेल तर तो आईला कमी ऐकू येतं म्हणून.

१५ मार्च, शनिवार

बायकोचा सकाळी फोन आला. या आठवड्यात येत नाही, नदीचे नमुने घ्यायला जायचंय. मी म्हटलं, ठीक. ती थांबली. मीही थांबलो. म्हणाली, नमुने सोमवारीही घेता येतील तसे. मी म्हटलं, तुला जसं पटेल तसं. ती बरं म्हणाली.

मागचा मी असतो तर म्हटलं असतं, ये गं, काय एवढं त्या नदीचं. पण ही तिसरी न करायची गोष्ट, नुकतीच ठरवलेली: आग्रह करायचा नाही. आग्रह म्हणजे प्रेमाचा शर्ट घातलेली जबरदस्ती. हे वाक्य मला आपोआप सुचलं. वक्त्यांना पत्राने कळवावं का?

संध्याकाळी आई स्वयंपाकघराचं दार लावून आपल्या फोनवरून कुणाशी तरी बोलत होती. बराच वेळ. मधे हसली. मग म्हणाली, अगं, जेव आधी, मी धरते.

धरते म्हणजे? फोन धरून बसली? एक माणूस जेवतोय आणि दुसरा ऐकतोय? याला काय म्हणावं.

२० मार्च, गुरुवार

लांब्याने नवं घर घेतलंय. रविवारी या म्हणाला. मी म्हटलं, मनापासून अभिनंदन, पण मी येणार नाही, तुमच्याकडे मला कंटाळा येतो. तू स्वतःबद्दल फार बोलतोस आणि तुझ्या सोफ्यावर पाठ धरते.

लांब्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. खरं पचायला वेळ लागतो. मी वेळ दिला. दुपारी डबा घेऊन नेहमीच्या टेबलावर गेलो तर तो आणि बाकीचे जिन्यात उभ्याउभ्या जेवत होते.

टेबल मोठं आहे. एकट्याला ऐसपैस.

२३ मार्च, रविवार

बायको आली नाही. नदी झाली, आता विहिरी.

शोरूम चालू होतं. दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. दोघांनी बूट काढून ते पलंगाखाली शेजारी शेजारी लावून ठेवले. तसं कुणी करत नाही. लोक बुटांसकट झोपतात, म्हणून पायथ्याशी प्लॅस्टिक टाकतो आम्ही. मग दोघं मधल्या स्प्रिंगच्या गादीवर आडवे झाले आणि छताकडे बघू लागले. गादी घेणारं जोडपं मला लांबून कळतं. घेणारे बोलत नाहीत. मी माहिती द्यायला गेलो तर म्हातारे गृहस्थ झोपले होते. खरंच झोपले होते, बारीक घोरत होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मला हळूच म्हणाल्या, दवाखान्यातून आल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाही हो त्यांचा. राहू द्या थोडं.

मी राहू दिलं. वरचा दिवा बंद केला. एका ग्राहकाला दुसऱ्या बाजूने नेलं. मालकांनी काचेतून खुणा केल्या, मी कानाडोळा केला. बाई तशाच पडून होत्या, त्यांचा हात नवऱ्याच्या डोक्याखाली अडकला होता, मुंग्या आल्या असतील, पण त्यांनी काढला नाही.

हे बायकोला सांगावं असं फार वाटलं. फोन हातात घेतला. नंबर काढला. मग विचार केला, हे खरं आहे की नुसता उमाळा? उमाळ्याचा भरवसा नाही. उद्यापर्यंत टिकलं तर खरं समजायचं आणि उद्या सांगायचं.

२४ मार्च, सोमवार

टिकलं. पण कालच्याइतकं नाही. म्हणून सांगितलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

महत्त्वाचा दिवस. बायकोने स्वतःहून फोन केला. तिला तिथे कायम करतायत. प्रयोगशाळेची मुख्य म्हणून. सहा महिने संपल्यावर इकडे परत यायचं की तिथेच राहायचं, हे शुक्रवारपर्यंत सांगायचंय. म्हणाली, काय करू?

मी क्षणभरही डगमगलो नाही. म्हटलं, तुझं मन काय म्हणतं ते कर. मी काही सांगणार नाही.

ती म्हणाली, मन काय म्हणतं ते मला माहीत आहे, तुला काय वाटतं ते विचारतेय.

आता खरं लिहायचं तर लिहितो. तोंडाशी आलं होतं, ये. निघून ये कायमची. पण लगेच सावध झालो. हे कोण बोलतंय? माझी सोय बोलतेय. माझी इस्त्री, माझं सोबतीचं जेवण, पलंगाची तिची बाजू. सोयीचं बोलणं ते खोटं बोलणं. म्हणून म्हटलं, माझ्या वाटण्याचा तुझ्यावर भार नको.

तिच्याकडे कुठे तरी नळ गळत होता, त्याचा आवाज येत होता. मी सांगणार होतो की वॉशर बदलून घे. मग आठवलं, तिने विचारलेलं नाही.

शेवटी म्हणाली, बरं.

लग्नानंतरचं आमचं सगळ्यात खरं संभाषण. कुणी कुणाला दडपलं नाही. दोन स्वतंत्र माणसं.

आईला सांगितलं. आईने पुसत असलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, तुझे वडील खोटारडे होते रे, पण माणसाला घरात धरून ठेवायची अक्कल होती त्यांना. आणि हातातला टॉवेल माझ्या अंगावर फेकून आत गेली. वडिलांबद्दल असं बोलणं मला आवडलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

आज तिने कळवायचं होतं. काय कळवलं असेल?

विचारायचं नाही. विचारणं म्हणजे दबाव.

दिवसभर फोन खिशातून काढून बघितला. बॅटरी लवकर उतरते, म्हणून.

६ एप्रिल, रविवार

ती आली. सकाळच्या बसने आली, संध्याकाळच्या बसने गेली. कायम झाली. मी अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं, कारण मनापासून करायचं असं आधीच ठरवलं होतं.

कपडे न्यायला आली होती. उन्हाळ्याचे घेतले. थंडीचेही घेतले. मुळातच व्यवस्थित बाई, दोन ऋतू पुढचा विचार करते. उशीही घेतली. तिकडच्या उश्या कडक असाव्यात. मी म्हटलं, शोरूममधून नवी आणून देतो, मऊ, धुता येणारी. म्हणाली, नको, हीच बरी, डोक्याला माहितीये. शिवणयंत्र टॅक्सीत मावेना म्हणून ते ठेवलं. म्हणजे येणारच.

आई आणि ती बराच वेळ खोलीत होत्या. बाहेर आल्या तेव्हा आईचे डोळे लाल. डोळ्यांचे थेंब बदलल्यापासून तिला ते झोंबतात.

निघताना दारात म्हणाली, थांब्यापर्यंत येतोस? आता मागच्याच आठवड्यात ठरवलं होतं की सोडायला जाणं, हात हलवणं, बस वळेपर्यंत उभं राहणं हा निव्वळ देखावा, करायचा नाही. आठवड्यात तत्त्व मोडायचं? मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, हो, बरोबर आहे तुझं.

ती चक्क बरोबर आहे म्हणाली!

बाल्कनीतून बघितलं. खाली पिशव्या टॅक्सीत ठेवून तिने वर पाहिलं. माझ्याकडे की आभाळाकडे, सांगता येत नाही. ढग होते. मी हात वर करणारच होतो, पण तो देखावा झाला असता.

११ एप्रिल, शुक्रवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ग्राहक तुझी तक्रार करत नाहीत, उलट स्तुती करतात, आणि गादी दुसरीकडून घेतात. सोमवारपासून तू गोदाम बघ.

म्हणजे माझ्या तत्त्वासाठी त्यांनी वेगळी जागाच काढली. गोदामात कुणाशी खोटं बोलायची वेळच येणार नाही. एका अर्थी बढतीच. बायकोलाही बढती, मलाही. तिला कळवावं असं वाटलं. पण ती म्हणेल गोदामात का, आणि मग सगळं सांगत बसावं लागेल.

लांब्या म्हणाला, वाईट झालं यार. मी म्हटलं, तुला खरंच वाईट वाटतंय का, तपासून बघ. तो निघून गेला. तपासायला गेला असावा.

१७ एप्रिल, गुरुवार

गोदाम. गाद्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला उभ्या केलेल्या. मधल्या बोळातून चाललं की दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक कुरकुरतं. कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं, वळून बघावं तर कुणी नाही. सकाळी गाडी येते, ड्रायव्हर पावतीवर सही घेतो, जातो. त्याला आज चहा घेतोस का विचारलं. वेळ नाही म्हणाला. आग्रह केला नाही.

केला. दोनदा केला. पण त्याला खरंच वेळ नव्हता.

२० एप्रिल, रविवार

आई गेली. बायकोकडे. हवापालटाला.

माझी आई, माझ्या बायकोकडे, मला सोडून. सकाळी बघतो तर बॅग भरून खुर्चीवर बसलेली, पायात बूट. म्हटलं, कुठे? म्हणाली, सूनबाईकडे, तिला त्या नव्या घरात एकटं वाटतं. मी म्हटलं, आणि मला? आई म्हणाली, तुला वाटतं का एकटं? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग झालं तर. तुझं खरं सापडलं की कळव.

लोक हे टोमणे मारायला कधी शिकतात?

जाऊ दे. एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट: आता घरात मी एकटा. म्हणजे ज्याच्यापुढे खोटं वागावं असं कुणी उरलंच नाही. वक्ते म्हणाले होते, शेवटी उरेल ते तुम्ही. तर उरलोय.

२२ एप्रिल, मंगळवार

आज दिवसभर कुणाशी खोटं बोललो नाही.

कुणाशी बोललोच नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

अंडी उकडायला ठेवली आणि विसरलो. भांड्याचा तळ गेला. घरभर वास. खिडक्या उघडून पलंगावर बसलो. तिची बाजू अजून उंच आहे. माझ्या बाजूला खळगा पडलाय, धंद्यातल्या माणसाच्या घरात हे शोभत नाही. गादी फिरवावी लागते अधूनमधून, पण ती एकट्याने फिरत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. हे मी ग्राहकांना रोज सांगायचो.

आठ वाजता फोन केला. अंड्यांबद्दल सांगायला. ते खरं होतं आणि ताजं होतं. ती म्हणाली, आत्ता मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. मागे आईचा आवाज आला, कोण आहे गं?

मीटिंगमध्ये आई कशी?

नंतर फोन आला नाही. विसरली असेल. काम खूप असतं तिला.

२ मे, शुक्रवार

उद्या तिकडे जातोय. आईला आणायला. बाकी काही नाही. जाऊन काय करायचं नाही ते पक्कं करून ठेवलंय. रडायचं नाही. आर्जवं करायची नाहीत. परत येतेस का, हे तर विचारायचंच नाही. सहज गेल्यासारखं जायचं.

नवा शर्ट इस्त्री करताना कॉलर जळाली. जुना घालीन. सहजपणाला जुनाच बरा.

४ मे, रविवार. दुपार, तिच्याच गावातल्या लॉजवर

काल काय झालं ते लिहायचं टाळतोय. पण टाळणं हेही खोटंच. लिहितो.

चौथ्या मजल्यावर घर. दोन खोल्या. खिडकीतून पाण्याची मोठी टाकी दिसते. आईने दार उघडलं. अंगात नवा स्वेटर होता, मी न बघितलेला. टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, किती वाळलास रे. मग बायको आली प्रयोगशाळेतून, हातात ब्रेड, खांद्याला पिशवी. मला बघून दारात थांबली. केस वाढलेत तिचे. छान दिसत होती. मी ते बोललो नाही. का नाही बोललो? कुणी विचारलं नव्हतं.

चहा झाला. आईने दूध संपलंय म्हणून सांगितलं आणि खाली गेली. टेबलावर दुधाचं भांडं भरलेलं होतं.

मी सहजपणे म्हटलं, मग, काम कसं आहे? बायको म्हणाली, अरे, मी आता परत येणार नाहीये. मी म्हटलं, हो, कायम झालीस ना, शनिवारी येत जा. ती म्हणाली, शनिवारी पण नाही. तुझ्याकडे नाही.

मग ती बोलली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. म्हणाली, त्या शुक्रवारी मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसले होते. नमुने लावायचे राहून गेले, हाताखालची मुलगी विचारायला लागली, मॅडम, बरं वाटत नाही का? पाच वाजता कळवायचं होतं, मी साडेपाचपर्यंत थांबवून धरलं त्यांना. तू ये म्हणाला असतास ना, नुसतं ये, खोटं-खोटंसुद्धा, तर मी आले असते.

मी म्हटलं, पण मला वाटत होतं ये म्हणावं. खरंच वाटत होतं. तोंडाशी आलं होतं.

ती म्हणाली, मला काय माहीत? मला कसं कळणार होतं?

मी म्हटलं, मग आता म्हणतो. ये.

ती टेबलावरच्या शेंगा एका बाजूला सारत राहिली.

पुन्हा म्हटलं, ये ना. चल आत्ता, आईबरोबर, संध्याकाळची बस आहे. रोज फोन करीन. म्हणजे फोन कशाला, तू तिथेच असशील. मी खुर्चीवरून कधी उठलो कळलं नाही, तिच्या खुर्चीपाशी खाली बसलो होतो, या वयात, गुडघ्यांवर, आणि रडत होतो. नाक गळत होतं. ठरवलेलं एकूण एक पाण्यात गेलं. तिने उठून मोठा टॉवेल आणून दिला, अंघोळीचा. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, झालं, आता हो म्हणेल.

म्हणाली, आता नाही रे.

मी म्हटलं, का? ती बराच वेळ विचार करत होती. माझ्यासाठी खरं उत्तर शोधत होती, ते मला दिसत होतं. म्हणाली, पहिले काही आठवडे आठ वाजले की हातातलं काम टाकून फोनपाशी बसायचे. आता बसत नाही. ती सवय सुटायची मी वाट बघितली आणि ती सुटली. पुन्हा सुरू करायची ताकद नाही माझ्यात. आणि मला इथे झोप लागते.

झोपेवर बोलणं हाच माझा धंदा, तरी मी नुसती टॉवेलची घडी घातली.

जिन्यात आईचा पाय वाजला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तिथला नळ गळत होता. मी वॉशर काढून बघितला, झिजला होता. खाली जाऊन नवा आणला, बसवला. ती दारात उभी राहून बघत होती. थँक्यू म्हणाली. आपल्या माणसाला कुणी थँक्यू म्हणत नाही.

५ मे, सोमवार

आज सकाळच्या बसने आई माझ्याबरोबर परत आली. मी ये म्हणालो नव्हतो. निघताना बघतो तर पायात बूट घालून दारात उभी. बायकोने तिला मिठी मारली, बराच वेळ सोडली नाही. थांब्यावर यायचं का, तिने विचारलं. आई म्हणाली, नको गं, वर थांब.

बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उतरेपर्यंत मी हललो नाही.

आज गोदामात गेलो नाही. मालकांना फोन करून ताप आलाय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, काळजी घे. मी म्हटलं, हो.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. सूनबाई नाही आली वाटतं, म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, येईल की, काम फार आहे तिला सध्या. काकू म्हणाल्या, हो ना, मोठी साहेबीण झाली. मी मान डोलावली.

घरात आल्यावर आईने खिडक्या उघडल्या. जळकं भांडं बघितलं, काही न बोलता भिजत घातलं. सूप केलं. टेबलावर माझ्यासमोर वाडगा ठेवला आणि स्वतः समोर बसली.

मी विचारलं, आई, ती येईल का गं?

आईने माझ्याकडे बघितलं. चमचा पुसून माझ्या हातात दिला. म्हणाली, येईल.

मी म्हटलं, नक्की?

नक्की येईल, आई म्हणाली. तू जेव.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाली.